बीएमटीनंतर (मज्जा प्रत्यारोपणानंतर) बाकीचे काउंट आले, एचबीच (हिमोग्लोबिन) वर येत नाही. कोणाला अनुभव?

सुरंगी_राजापूर (धागाकर्ती), ४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याला (वय ४४) एएमएल (रक्ताचा कॅन्सर) झाला होता. केमोने रिमिशन आलं आणि फेब्रुवारीत मुंबईला बीएमटी झाली. दाता माझे धाकटे दीर. एचएलए (पेशींची ओळख ठरवणाऱ्या खुणा) पूर्ण जुळला, रक्तगट मात्र नाही. ह्यांचा ओ पॉझिटिव्ह, दिरांचा ए पॉझिटिव्ह. तेव्हा डॉक्टर म्हणाले की रक्तगट वेगळा असला तरी चालतं, आणि खरंच सगळं नीट पार पडलं.

आता सात महिने होत आले. डब्ल्यूबीसी ५,२००, प्लेटलेट १ लाख ६० हजार, काइमेरिझम (रक्तात दात्याच्या पेशी किती ते) १०० टक्के दिरांचं. अंगावर पुरळ नाही, जुलाब नाहीत. पण एचबी सहाच्या घरात. पिशवी लावली की आठवर जातं आणि दोन-तीन आठवड्यांत परत खाली. जिना चढून आले की ओटीवर बसूनच राहतात. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारं), सेप्ट्रान आणि फंगसची गोळी चालू आहे.

शेवटचे रिपोर्ट: रेटिक ०.२ टक्के, एलडीएच आणि बिलिरुबिन (पेशी फुटल्या की वाढतात ते) नॉर्मल, डायरेक्ट कूम्ब्स (लाल पेशींना अँटिबॉडी चिकटल्यात का ते) निगेटिव्ह, क्रिएटिनिन १.१, बी१२ ठीक, फेरिटिन (साठलेलं लोह) ३,१००.

पुढच्या आठवड्यात ओपीडी आहे. तिथे मिळतात पाच मिनिटं, म्हणून नेमकं काय विचारायचं ते इथे जमवून जाणार आहे. आजार परत तर येत नाहीये ना, या विचाराने झोप लागत नाही. आणि प्रत्येक पिशवीसाठी मुंबई गाठावी लागते, ते रत्नागिरीत होऊ शकेल का?

---

भाऊ_खोत

ताई, घाबरू नका. बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे रोज द्या. भाजी लोखंडी कढईत करा. सकाळी नाचणीची आंबील आणि गुळवेलीचा काढा. आमच्या वहिनींचं एचबी दोन महिन्यांत सातवरून अकरावर आलं होतं. एवढं रक्त चढवण्यापेक्षा रक्त तयार होईल असं खायला घाला.

---

पावसाळी_देवरुख

भाऊ, तुमचा हेतू चांगला आहे, पण वहिनींचं प्रकरण वेगळं असणार. ताईंनी लिहिलेलं फेरिटिन बघा, ३,१००. तिथे लोह कमी नाही, भरमसाट झालंय. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात जातं आणि ते बाहेर टाकायची शरीराकडे सोयच नाही, दिवसाला एखाद-दोन मिलिग्रॅम जातं तेवढंच. वीस पिशव्या म्हणजे चार-पाच ग्रॅम झालं. निरोगी माणसाच्या अख्ख्या शरीरात तीन-चार ग्रॅम असतं. त्यात लोहाचं टॉनिक म्हणजे लिव्हर आणि हृदयावर बोजा.

आणि गुळवेल तर अजिबात नको. प्रतिकारशक्ती चेतवणारी वस्तू बीएमटीच्या पेशंटला कशी द्यायची? २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या रुग्णांबद्दल लिहिलं होतं, आणि ती माणसं बीएमटीवालीही नव्हती.

माझ्या आईची (एमडीएस, मज्जेचा आजार) बीएमटी झाली, दाता मी. आमचा रक्तगट एकच. तिचंही एचबी पडायचं, पण जोडीने प्लेटलेट पडायच्या, बीपी वर, एलडीएच वर, लघवीत प्रोटीन, आणि स्मिअरमध्ये फुटलेल्या लाल पेशींचे तुकडे. ते टीएमए निघालं. बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं आणि पेशी तिथून जाताना फाटतात. टॅक्रोलिमस (सायक्लोस्पोरिनसारखंच औषध) बदलावं लागलं. तुमच्या रिपोर्टमध्ये यातलं काहीच दिसत नाही. तेव्हा आमची गोष्ट तुम्हाला लागू नाही, पण एचबी कमी म्हणजे एकच आजार असं नसतं, हे कळावं म्हणून लिहिलं.

---

दर्यावर्दी

मी रक्तविकारांचा डॉक्टर आहे, मूळचा वेंगुर्ल्याचा. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण ताईंनी रिपोर्ट इतके व्यवस्थित दिलेत की बोलायला जागा आहे.

पहिला आकडा रेटिकचा बघायचा. रेटिक म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी. एचबी कमी आणि रेटिक जास्त, तर पेशी तयार होतायत पण कुठेतरी फुटतायत किंवा रक्तस्राव आहे. एचबी कमी आणि रेटिकही जवळजवळ शून्य, तर कारखान्यातच माल निघत नाही. इथे ०.२ आहे, एलडीएच आणि बिलिरुबिन नॉर्मल आहेत. म्हणजे पेशी फुटत नाहीयेत, बनतच नाहीयेत. आणि बनत नाहीयेत त्या फक्त लाल. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उत्तम आहेत. असं चित्र दिसलं की दात्याचा आणि पेशंटचा रक्तगट विचारायचा असतो, तो ताईंनी आधीच सांगितलाय.

ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए विरुद्धच्या अँटिबॉडी जन्मभर असतात. बीएमटीच्या आधीच्या केमोने जुनी मज्जा साफ होते, पण अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी फार चिवट. त्यातल्या काही महिनोन् महिने तग धरतात. वाडी विकली गेली, पण जुन्या मालकाचा राखणदार अजून आवारात फिरतोय आणि नव्या मालकाची रोपं दिसली की उपटतोय. दिरांच्या मज्जेतून जी कोवळी लाल पेशी घडायला घेते तिच्यावर ए चा शिक्का असतो, म्हणून ती मज्जेतच मारली जाते. पांढऱ्या पेशींच्या पिलांवर तो शिक्का नसतो, म्हणून त्या सुखरूप. याला प्युअर रेड सेल अप्लेसिया म्हणतात, आम्ही पीआरसीए म्हणतो.

काइमेरिझम १०० टक्के असून असं कसं, हा पुढचा प्रश्न येईलच. काइमेरिझम तपासतात रक्तातल्या पेशींचं. मज्जेत दडलेल्या मूठभर जुन्या प्लाझ्मा पेशी त्यात दिसत नाहीत.

आजार परत आला का, ही भीती साहजिक आहे. पण आजार उलटताना सहसा इतर काउंटही बिघडतात आणि काइमेरिझम घसरतं. तरी मज्जा तपासल्याशिवाय तो मुद्दा मिटवू नये. त्याच नमुन्यात लाल पेशींची पिलं आहेत की नाहीत तेही दिसतं.

ओपीडीत विचारायचं ते असं: अँटी-ए टायटर (ए विरुद्धच्या अँटिबॉडीचं रक्तातलं प्रमाण) किती आहे आणि महिन्यागणिक उतरतंय का? पार्व्हो बी१९ ची पीसीआर झाली का? हा विषाणूही नेमक्या लाल पेशींच्या पिलांवरच बसतो, आणि प्रतिकारशक्ती दाबलेली असताना अँटिबॉडीच्या तपासणीत तो निसटू शकतो, म्हणून पीसीआर. तो निघाला तर उपचार वेगळा, आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी शिरेतून). औषधांपैकी कुठलं मज्जा दाबतंय का? सेप्ट्रानचा थोडा वाटा असू शकतो, सीएमव्ही विषाणूसाठी व्हॅलगॅनसायक्लोव्हिर दिलं असतं तर त्याचाही. मात्र यातली एकही गोळी घरी ठरवून थांबवायची नाही. सेप्ट्रान फुप्फुसाच्या एका वाईट संसर्गापासून वाचवत असते, तिला पर्याय देऊनच काढतात.

---

खाडीपलीकडे

डॉक्टर, एक शंका. गट जुळत नव्हता तर दुसरा दाता का नाही शोधला? ताईंना उगाच हे भोगावं लागलं असं वाटतं.

---

दर्यावर्दी

नाही हो, तसं म्हणणं योग्य नाही. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आणि रक्तगटाचं जनुक नवव्यावर. दोन्ही स्वतंत्र वाटली जातात. सख्ख्या भावंडाचा एचएलए पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. तो जुळलेला भाऊ हातात असताना रक्तगटासाठी कोणी सोडत नाही. गट वेगळा असलेल्या बहुतेकांना हा त्रास होत नाही, झाला तरी पुष्कळांचा टायटर उतरला की आपोआप सुटतो. ताईंचे डॉक्टर बरोबरच बोलले होते.

उपचाराबद्दल: पहिली पायरी म्हणजे पिशव्यांवर तग धरून वाट बघणं, आणि जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींचा पेशंटच्या शरीरावर हल्ला) नसेल तर सायक्लोस्पोरिन हळूहळू उतरवणं. दिरांच्या नव्या प्रतिकारशक्तीवरचा लगाम सैल केला की तीच जुन्या प्लाझ्मा पेशींचा बंदोबस्त करते. मात्र लगाम फार झटकन सोडला तर तीच प्रतिकारशक्ती त्वचा, आतडी, लिव्हरवर उलटू शकते, म्हणून हा वेग टीमनेच ठरवायचा. एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं काही जण देतात, किडनी मंद असेल तेव्हा त्यांचा जास्त उपयोग. प्लाझ्मा एक्स्चेंजने टायटर खाली येतो, पण कारखाना चालू असेल तर पुन्हा चढतो. रिटुक्सिमॅब बी पेशींवर (ज्यांच्यापासून प्लाझ्मा पेशी बनतात त्यांच्यावर) चालतं, पण जुन्या प्लाझ्मा पेशींवर त्याची खूण, सीडी२०, नसते. त्यामुळे कोणाला लागू पडतं, कोणाला नाही.

अलीकडे डाराटुमुमॅबकडे लक्ष गेलंय. हे मायलोमाचं (प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरचं) औषध, प्लाझ्मा पेशींवरच्या सीडी३८ ला धरतं. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये बीएमटीनंतरच्या अशाच रेड सेल अप्लेसियात ते लागू पडल्याचं छापून आलं आणि नंतर इतरांचेही अनुभव आले. पण या कामासाठी त्याला अधिकृत मान्यता नाही, महाग आहे, आणि संसर्गाचा धोका वाढतो. हिपॅटायटिस बी तपासल्याशिवाय देत नाहीत. थांबून भागत असेल तर थांबावं, हे माझं मत. मात्र वर्ष उलटत आलं आणि टायटर जागचा हलत नसेल तर नुसतं पिशव्या मोजत बसण्यात अर्थ नाही.

---

लालपिशवी

मी सिंधुदुर्गात रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. ताईंचा रत्नागिरीचा प्रश्न कोणी घेतला नाही म्हणून लिहितो.

बीएमटीच्या पेशंटला इरॅडिएटेड आणि ल्यूकोडिप्लिटेड (पांढऱ्या पेशी गाळलेलं) रक्त लागतं. पिशवीला २५ ग्रेच्या आसपास किरणोत्सर्गाचा डोस देतात, म्हणजे तिच्यातल्या दात्याच्या लिम्फोसाइट पेशी पेशंटच्या अंगात रुजून हल्ला करत नाहीत. तो हल्ला झाला तर बहुधा जीवच जातो, म्हणून यात तडजोड नाही. इरॅडिएटर आपल्याकडच्या छोट्या पेढ्यांत नसतो. त्यामुळे मुंबईसारखं मोठं शहर, किंवा तिथून पिशवी मागवून जवळच्या हॉस्पिटलात लावून घेणं. शीतपेटीतून आणता येते, पण इरॅडिएट केल्यावर तिची मुदत कमी होते आणि पोटॅशियम वाढत जातं. म्हणून नेमक्या तारखेला ठरवूनच मागवा. ल्यूकोडिप्लिशनचा फिल्टर म्हणजे इरॅडिएशन नव्हे. दोन्ही लिहून घ्या, कागदावर.

दुसरं, आणि हे मी ओरडून सांगेन: घाईच्या वेळी चुलतभाऊ, मेहुणे बाह्या सरसावून येतात, 'घरचं रक्त द्या'. नातेवाइकांचं इरॅडिएट न केलेलं रक्त परक्याच्या रक्तापेक्षा जास्त धोक्याचं. एचएलए अर्धवट जुळल्यामुळे शरीर त्या पेशींना परकं म्हणून ओळखत नाही आणि त्या रुजतात. भावाने मज्जा दिली म्हणून रक्तही द्यावं, असा हिशोब नाही.

तिसरं, गट. सध्या ह्यांना लाल पेशी ओ च्याच लागणार, आणि प्लेटलेट किंवा प्लाझ्मा लागला तर ए किंवा एबीचा. नेहमीच्या माणसाला हे उलटंपालटं वाटतं. रात्रपाळीचा नवा मुलगा गट तपासून गोंधळेल. बीएमटी सेंटरकडून 'कोणता घटक कोणत्या गटाचा' असं पत्र घ्या, लॅमिनेट करून पाकिटात ठेवा.

---

रापणकार

वहिनी, माका डाक्टरी काय कळणा नाय. पण रगत देऊक आमच्या मालवणातली पोरां कधीय तयार आसत. ओ पॉझिटिव्ह पाच-सात जण तरी गावतले. लालपिशवीदादा, आमी हयसर दिला तर वहिनींका मुंबयत चलता काय?

---

लालपिशवी

रापणकारानु, चलता. वहिनींका थेट तुमचीच पिशवी नाय गावची, पण दात्यांची संख्या दाखवली तर पुष्कळ पेढ्या बदली रक्तदात्याचा हट्ट सोडतात. आधी फोन करून विचारा. आणि सगळ्यांनी एका दिवशी येव नकात. मे महिन्यात आणि सणासुदीत साठा आटतो, तेव्हा दोघे-दोघे आलात तर जास्त उपयोग. तीन महिन्यांच्या आत परत नको.

---

पावसाळी_देवरुख

प्रवासाचं पटकन: कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचा ठरावीक फॉर्म लागतो. गणपतीत आरक्षण मिळणं कठीण, तेव्हा फॉर्म आत्ताच घेऊन ठेवा.

गणपतीवरून आठवलं. माटोळीला (गणपतीवर टांगलेल्या फळांच्या चौकटीला) पपनस बांधतात आणि मग सगळे खातात. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस चालू असलेल्याने पपनसाला हात लावायचा नाही. ग्रेपफ्रूटच्याच जातीचं फळ, औषधाची रक्तातली पातळी वाढवतं. डायटचा कागद परदेशी फळाचं नाव लिहितो, पपनसाचं लिहीत नाही.

---

दर्यावर्दी

पपनसाचं अगदी योग्य. त्यात आपल्या किनाऱ्यावरची आणखी एक भर घालतो. अंगात लोह जास्त आणि प्रतिकारशक्ती कमी, अशा माणसाला खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जंतू फार वाईट चावतो. लोह हे त्याचं खाद्यच. तेव्हा कालवं, तिसऱ्या कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या नकोत. पायाला जखम असताना खाडीत उतरणं, खेकडे साफ करणं हे सध्या दुसऱ्याने करावं. नीट शिजलेली मासळी खुशाल खा. आंबील घरी आंबवलेली असते, ती टीमला विचारून.

लोह उतरवायचं काय? फेरिटिन सूज किंवा संसर्गानेही वाढतं, त्यामुळे तेवढ्यावर भिस्त न ठेवता एमआरआयने लिव्हर आणि हृदयातलं लोह मोजता येतं. डेफेरासिरॉक्सची गोळी आहे, पण ती किडनीवर ताण देते आणि सायक्लोस्पोरिनही देतं. दोन्ही एकत्र म्हणजे क्रिएटिनिनवर डोळ्यात तेल घालून लक्ष. एचबी स्वतःच्या पायावर उभं राहिलं की मग थोडं-थोडं रक्त काढून लोह उतरवणं हा स्वस्त आणि उत्तम मार्ग. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्या स्वतःहून नकोत.

---

भाऊ_खोत

लोखंडी कढईचं मागे घेतो. पण भूक लागत नसेल तर मऊ भात-मेतकूट तरी चालेल ना? आजारी माणसाला नुसतं हे नको ते नको केलं की तो जेवायचाच बंद होतो.

---

सुरंगी_राजापूर, १९ सप्टेंबर

भाऊ, भात-मेतकूटच चाललंय, आणि आवडीने. सासूबाईंना लोहाचा हिशोब समजावताना मात्र नाकी नऊ आले. 'रक्त कमी आणि लोह जास्त, असं कुठे असतं का?' म्हणाल्या. पिशवी दाखवून सांगितलं तेव्हा पटलं.

ओपीडी झाली. मज्जेत आजार नाही. लाल पेशींची पिलं जवळजवळ नाहीतच, बाकी सगळं भरपूर. पार्व्हो पीसीआर निगेटिव्ह. अँटी-ए टायटर १:२५६, आणि जुना कागद शोधला तर मे महिन्यात १:५१२ होता. डॉक्टर म्हणाले उतरतोय, सायक्लोस्पोरिन कमी करू, दोन महिने बघू, नाही हललं तर डाराटुमुमॅबचा विचार. पाच मिनिटांची पंधरा झाली, कारण प्रश्न लिहून नेले होते.

---

लालपिशवी

डाराटुमुमॅब ठरलंच तर पहिल्या डोसच्या आधी रक्तपेढीला कळवा, विसरू नका. सीडी३८ थोडं लाल पेशींवरही असतं. औषध रक्तात असेपर्यंत अँटिबॉडी स्क्रीन आणि क्रॉसमॅच कोणत्याही पिशवीशी जुळेनासे होतात, शेवटच्या डोसनंतरही सहा महिन्यांपर्यंत. पेढीला वाटतं भलतीच अँटिबॉडी निघाली, आणि पिशवी अडकते. आधी स्क्रीन करून ठेवली असेल आणि औषध माहीत असेल तर डीटीटी नावाचं रसायन वापरून त्यातून वाट काढता येते. ह्यांना इतक्या पिशव्या लागल्यायत की फेनोटाइप (लाल पेशींवरच्या इतर गटांच्या खुणा) साध्या पद्धतीने नीट येणार नाही, जनुकीय तपासणीने करून घ्यावा लागेल. तोही ओ आणि ए च्या गोंधळात कोणाच्या नमुन्याचा घ्यायचा, ते सेंटरलाच विचारा.

---

सुरंगी_राजापूर, २७ नोव्हेंबर

डाराटुमुमॅब लागलं नाही. टायटर १:३२. रेटिक १.६. शेवटची पिशवी दिवाळीच्या आधी लावली, त्यानंतर एचबी ८.४ वर टिकून आहे, या वेळच्या रिपोर्टला ८.९. सायक्लोस्पोरिन कमी करताना हातांवर थोडं पुरळ आलं होतं, मलमावर गेलं. डॉक्टरांनी पुढचा डोस आणखी सावकाश उतरवायला सांगितलाय.

एक प्रश्न लालपिशवीदादांना. परवा इथल्या लॅबने सहज गट तपासला तर 'नक्की सांगता येत नाही' म्हणून कागद परत दिला. हे घाबरण्यासारखं आहे का? आणि पुढे पिशवी लागली तर ए ची चालेल?

---

लालपिशवी

घाबरू नका, सध्या तसंच यायचं. चढवलेल्या ओ पेशी अजून फिरतायत आणि दिरांच्या ए पेशी नुकत्या निघायला लागल्यायत, त्यामुळे एकाच नमुन्यात दोन गट दिसतात. लाल पेशी एकशेवीस दिवस जगते, तेवढे दिवस हे चालणार. वर सीरममध्ये थोडं अँटी-ए शिल्लक आहेच.

ए ची पिशवी आत्ता नाही. अँटी-ए सापडेनासं झालं, डायरेक्ट कूम्ब्स निगेटिव्ह राहिलं आणि सेंटरने लेखी दिलं की मगच. तोवर ओ, इरॅडिएटेड, ल्यूकोडिप्लिटेड. लॅमिनेट केलेल्या पत्रावर जुनी तारीख असेल तर पुढच्या ओपीडीत नवीन करून घ्या.